मुक्कामाची पेटी

शेषराव कंडक्टरच्या घरात शिरायचं तर आधी घंटा वाजवावी लागे. देवळासारखी नव्हे, एसटीसारखी. दाराच्या चौकटीला त्यांनी दोरी बांधली होती. ती आढ्याखालून सरळ मागच्या परसापर्यंत गेलेली, आणि तिच्या टोकाला मोडीत निघालेल्या कुठल्याशा गाडीची घंटा. एकदा ओढली की कोणीतरी आलं, दोनदा ओढली की आलेलं माणूस निघालं. मी त्यांची शेजारीण, दिवसातून दोनदा तरी जाणारच. निघताना विसरले तर मागून आवाज येई, "बाई, डबल द्या, डबल. त्याबिगर गाडी हालत नाई." मग मी रस्त्यावरून परत फिरून दोरी दोनदा ओढायची, तेव्हा कुठे माझी सुटका व्हायची.

मी तेव्हा धाड गावच्या दवाखान्यात नर्स होते. महाराष्ट्र होऊन दहाएक वर्षं झाली असतील. लोकांना सुया टोचून टोचून माझी जीभही तशीच झालीय असं गावात म्हणत, आणि मी काही ते नाकारत नाही. कोंबड्या, शेळ्या, मांजरं यांचा मला लळा नाही हेही आधीच सांगून ठेवते. कोंबडी मला रश्श्यात ओळखता येते, तेवढं पुरे. तरीसुद्धा एका वैशाखात मी रोज दोन वेळा एका पत्र्याच्या पेटीचा ताप बघायला जात होते. कोणी बघितलं तर काय म्हणेल म्हणून पदराखाली थर्मामीटर लपवून जायची. हे सगळं या शेषरावांमुळे.

शेषराव नोकरीत उभे राहिले ते रिटायर होईपर्यंत बसले नाहीत. नंतरही कधी बुलढाण्याला जायचं झालं तर गाडी रिकामी असली तरी ते मागच्या दाराशी उभे, आणि नव्या कंडक्टरला हळू आवाजात सूचना चालू. तो बिचारा कंटाळून पुढे ड्रायव्हरजवळ जाऊन बसे. त्यांचं बोलणं सगळं गाडीचं. माणसाला ते सीट म्हणत. कोणाचं बाळंतपण करून मी आले की विचारत, "काय बाई, गाडी टायमावर पोचली ना?" लग्नात ते वाढायला नव्हे, पंगत बसवायला उभे राहत. "समोर सरका, समोर. मधी लय जागा हाय. मांडी आवरा थोडी." एका लग्नात नवरदेव मानाच्या पाटाची वाट बघत उभा होता, त्यालाही त्यांनी सरकवत सरकवत पार भिंतीपाशी नेऊन बसवला. जेवण होईपर्यंत नवरी कुणाशेजारी बसलीय याचा पत्ता नव्हता. वरमाय रुसली. शेषराव म्हणाले, "रिझर्वेशन नव्हतं."

त्यांच्या बायकोचं नाव गिरजाबाई. माझी त्या गावातली एकुलती एक मैत्रीण. शेषरावांच्या नशिबी सगळी मुक्कामी गाडी आली, म्हणजे संध्याकाळी निघायचं, रात्री कुठल्यातरी गावी गाडी उभी करून तिथेच झोपायचं आणि सकाळी परत यायचं. ते पत्र्याची पेटी नि वळकटी घेऊन निघाले की गिरजाबाई दारातून विचारी, "आज मुक्काम कुठं?" हे म्हणत, "दुसरबीड," किंवा आणखी कुठलं गाव, आणि घंटा डबल ओढून चालू लागत. पोरबाळ नव्हतं. दोघांचं दिवसाचं बोलणं बरंचसं एवढंच.

गिरजाबाईला सोबत कोंबड्यांची. त्यातही तिच्या कोंबड्या उलट्या पिसांच्या. अशा कोंबडीचं प्रत्येक पीस बाहेर वळलेलं असतं, वावटळीत सापडून नुकतीच बाहेर आल्यासारखी दिसते. गिरजाबाईच्या आईनं लग्नात एक दिली होती, तिचीच ही सगळी वेल. दिवस मावळायला आला की गिरजाबाई परसात उभी राहून हाक मारायची, "ती ती तीऽऽ, या वो बायांनो, दिवस बुडला." शेवटचा 'बुडला' ती जरा लांबवायची. त्यावर आळीभर पसरलेल्या कोंबड्या माना पुढे काढून पळत यायच्या. माझं घर भिंतीला भिंत लागून. रोज ऐकून ऐकून मलाही ती हाक पाठ झाली होती.

शेषराव रिटायर झाले त्यानंतर वर्षाच्या आतच गिरजाबाई गेली. छातीत कळ आली, मी धावत गेले, पण माझ्या पिशवीत तिच्यासाठी काही नव्हतं. शेषराव रडले नाहीत. तेराव्याला पंगत बसवली, "समोर सरका" म्हणाले आणि मग एकदम गप्प झाले. त्या दिवशी पंगत वाकडीतिकडी बसली.

पुढे होळीच्या सुमारास गावात मानमोडी आली. कोंबड्या माना वाकड्या करून करून पडायला लागल्या. गिरजाबाईच्या सगळ्या गेल्या. राहिली एकटी चिंधी. काळी, म्हातारी, उलट्या पिसांमुळे खरोखर चिंध्या पांघरल्यासारखी दिसणारी. उलट्या पिसांची कोंबडी उताऱ्याला चालते, म्हणून दोनचार जण मागायला आले. शेषरावांनी सगळ्यांना एकच सांगितलं, "हे सीट रिझर्व हाय."

पण चिंधी शेषरावांना ओळखच देत नव्हती. संध्याकाळी ते घंटा वाजवत, "चला, चला, शेवटची गाडी," म्हणत, आणि घंटा ऐकून ती बया माझ्या भिंतीवरून थेट लिंबावर चढे. मग मी चुलीवरचं तसंच टाकून बाहेर यायची आणि गिरजाबाईची हाक मारायची. चिंधी खाली उतरून मुकाट डाल्याखाली जाई. डालं म्हणजे कोंबड्या झाकायची टोपली. शेषराव त्यावर दगड ठेवत आणि स्टँडकडे निघता निघता म्हणत, "पोचली."

एकदा मी वैतागून म्हटलं, "भाऊ, ही हाक तुम्हीच का मारत नाही? रोज माझी पोळी करपते."

ते म्हणाले, "मले कुठं येते? गिरजा हाक मारे त्या टायमाले मी कधी घरी होतो?"

 रिटायर झाल्यावरही ते दिवस मावळता मावळता स्टँडवर जात. मुक्कामी गाड्या सुटायची ती वेळ, सवयीनं पाय तिकडेच वळत. गिरजाबाई जिवंत असतानाही तसंच चाललं होतं.

वैशाखात चिंधी खुडूक बसली. घातलेल्या अंड्यांवर ठाण मांडलं, पिसं फुगवली आणि कोणी जवळ गेलं की चोच मारू लागली. वैशाखात अंडी बसवू नयेत हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. उन्हानं अंडी नासतात, कोंबडी धापा टाकत उठून जाते. सगळ्यांनी सांगितलं, अंडी खाऊन टाका. शेषराव म्हणाले, "म्हातारी हाय ते. पुन्हा खुडूक झाली नाई तं? मंग संपली गिरजाची वेल."

ते खरंच होतं. यातून पिलं निघाली तर गिरजाबाईच्या कोंबड्या त्या परसात राहणार होत्या, नाही तर नाही.

पण भरवसा एका कोंबडीवर ठेवतील तर ते कंडक्टर कसले. "एक गाडी ब्रेकडाऊन झाली तं दुसरी पाह्यजे," असं म्हणून त्यांनी अर्धी अंडी चिंधीखाली ठेवली आणि अर्ध्यांसाठी यंत्र करायचं ठरवलं. बुलढाण्याच्या एका शेतकी प्रदर्शनात त्यांनी अंडी उबवायचं कपाट पाहिलं होतं. तिथल्या साहेबानं समजावून सांगितलं होतं की माणसाला कणकण येते तेवढी ऊब अंड्याला सारखी मिळाली पाहिजे, बाकी कोंबडीचं काही काम नाही. तेवढं ऐकून शेषरावांनी आपली मुक्कामाची पेटी काढली. जन्मभर गावोगाव फिरलेली, निळा रंग उडालेली पत्र्याची पेटी. ती डोक्यावर घेऊन ते कादरमियाकडे गेले. कादरमिया कंदील नि स्टोव्ह दुरुस्त करायचे. त्यांनी पेटीला आतून गोणपाट लावलं, भुसा भरला, वर हवेला भोक पाडलं आणि खाली रॉकेलची चिमणी ठेवायला खण केला. काम झाल्यावर कपाळाचा घाम पुसत म्हणाले, "कंडक्टरसाब, अंडी उबवायची का तळायची, ते एकदा नक्की सांगा. बाहेर बघा काय ऊन हाय."

कादरमियांचं काही चुकलं नव्हतं. धाडला वैशाखात सगळं गावच उबवणीच्या पेटीत बसलेलं असतं. शेषरावांनी ऊब द्यायचं यंत्र केलं आणि पहिल्या दिवसापासून ते त्याला थंड करत बसले. पहाटे चिमणी लावायची, ऊन चढलं की विझवायची, मग ओलं गोणपाट टाकायचं, पेटी रांजणाच्या सावलीत सरकवायची, पुठ्ठ्यानं वारा घालायचा. पलीकडे चिंधी ओल्या वाळूच्या टोपलीत बसून चोच उघडी टाकून धापत असायची, तिलाही अधूनमधून वारा. आपण स्वतः मात्र बनियन भिजलेल्या अंगानं उभे. अंडी फिरवायची असतात हे त्यांना कळलं, तेव्हा त्यांनी प्रत्येकावर कोळशानं खूण केली आणि दिवसातून दोनतीनदा जागा बदलू लागले. "खिडकीकडचे मधी या. मधले खिडकीकडं जा. सगळ्यायले हवा लागली पाह्यजे."

वैशाखात ढग गडगडले तर अंडी वाया जातात, म्हणून त्यांत लोखंड किंवा कोळसा ठेवायची रीत आहे. चिंधीच्या टोपलीत त्यांनी गिरजाबाई ठेवायची तसा कोळशाचा तुकडा ठेवला. पेटीत काय ठेवावं? घरात शोधून त्यांनी तिकिटाला भोक पाडायचा आपला जुना मोडका चिमटा आणून अंड्यांच्या मधोमध ठेवला. घंटा वाजली की चिंधी दचकून उठते हे लक्षात आल्यावर घंटेच्या लोलकाला फडकंही बांधलं. फडकं बांधताना त्यांचा चेहरा असा झाला होता की मी दुसरीकडे बघितलं.

आता कणकण मोजायची कशी? त्यासाठी ते माझ्याकडे आले. मी एक जुना थर्मामीटर दिला आणि पोरांना सांगते तसं सांगितलं, "भाऊ, दर वेळी आधी झटकायचा. झटकल्याशिवाय पारा खाली येत नाही."

"हाव, हाव," म्हणत त्यांनी तो रुमालात गुंडाळला.

तासाभरानं पडलेला चेहरा घेऊन परत आले. "बाई, चिंधीले एकशे सात ताप हाय. गोळी द्या."

त्यांनी थर्मामीटर आधी चिंधीच्या पंखाखाली लावला होता. यंत्र बरोबर चालतं का ते तपासायला, म्हणे. मला हसू आवरेना. कोंबडीचं अंग मुळातच तापलेलं असतं, ताप नाही तो, असं मी पुन्हा पुन्हा सांगितलं. त्यांचा विश्वास बसला नाही. शेवटी मी म्हटलं, "तिला गोळी दिलीत तर अंडी सोडून उठेल." तेव्हा कुठे गोळीचं नाव सोडलं.

दुसऱ्याच दिवशी मला देवीची लस टोचायच्या फेरीवर आसपासच्या खेड्यांत जावं लागलं. चारदोन दिवस गेले. परत आले तर शेषरावांच्या परसात लग्नघरासारखा चिखल. पेटीवर तीन थर ओली गोणपाटं, चिमणी विझलेली, बाजूला दोन घागरी, आणि शेषराव पुठ्ठा हलवतायत. डोळे खोल गेलेले.

"बाई, बरं झालं आल्या. पेटीचा ताप उतरूनच नाई राह्यला. तुमी गेल्या तसा एकशे सात हाय. सकाळी एकशे सात, दुपारी एकशे सात. पाणी टाकून टाकून थकलो."

मी पेटीत हात घातला. आत माठासारखं गार होतं.

"झटकला होता का?"

ते खाली बघू लागले. "काचेचा हाय. फुटला असता तं? इतक्या वर्षात सरकारी सामान फुटलं नाई माह्या हातून."

मी थर्मामीटर घेतला, दोनचार झटके दिले आणि पेटीत ठेवून थोडा वेळ थांबले. झटकून खाली आलेला पारा तिथून वर चढलाच नाही. शेषरावांच्या पुढे धरला आणि म्हटलं, "भाऊ, तो ताप पेटीचा नव्हता. चिंधीचाच होता. तिच्या पंखाखाली चढला तो खाली आलाच नाही."

त्यांना कळायला वेळ लागला. मग हातातला पुठ्ठा खाली ठेवून ते रांजणाला टेकून बसले. मी त्यांना बसलेलं क्वचितच पाहिलं होतं.

"म्हंजे मी त्यायले गारठवून मारलं," ते म्हणाले.

धाडमध्ये वैशाखात कोणी थंडीनं गेलं असेल तर ती अंडीच. एरवी मी हे तोंडावर बोलून मोकळी झाले असते. त्या दिवशी जीभ आवरली. कादरमियांना बोलावून आणलं, दार लावून अंधार केला आणि बॅटरीच्या उजेडापुढे एकेक अंडं धरून पाहिलं. चिंधीखालची बहुतेक अंडी चांगली, आत लाल शिरांचं जाळं. पेटीतली गढूळ. कादरमिया एकेक बाजूला ठेवत गेले. शेवटी पेटीतलं एकच अंडं हातात राहिलं, त्यात जाळं होतं की नव्हतं हे आमचं तिघांचं ठरेना. मी म्हटलं, चिंधीखाली ठेवा. कादरमिया म्हणाले, तिच्याखाली आधीच दाटी झालीय, उन्हात तिला झेपायचं नाही.

"राहू द्या पेटीतच," शेषराव म्हणाले. "एक सीट असलं तरी गाडी न्याव लागते."

तेव्हापासून थर्मामीटर झटकायचं काम माझ्याकडे आलं. ते त्याला हात लावायला तयार नव्हते. सकाळी दवाखान्यात जाण्याआधी आणि संध्याकाळी आल्यावर भिंतीपलीकडून हाक येई, "बाई, झटकाले या." मी कुरकुरत जायची. एका अंड्यासाठी सरकारी नर्स. पण जायची. आकडा बघून सांगितला की ते चिमणीची वात कमीजास्त करत आणि मी समोर असेपर्यंत उभेच राहत.

एका दुपारी दवाखाना बंद होता. मी घरात ओलं लुगडं अंगावर घेऊन पडले होते. गाव सगळं झोपलेलं. भिंतीपलीकडे बोलणं ऐकू आलं. शेषरावांकडे या उन्हात कोण आलं म्हणून कान दिला.

"त्या दिवशी मुक्काम दुसरबीड. स्टँडच्या वट्यावर झोपलो. मच्छर लय. ड्रायव्हर घोरे तं पोलीस उठून आला. सकाळी एक म्हातारी आली, कोंबडा घेऊन. मी म्हनलं, आजी, याचं बी तिकीट लागते. तं ते म्हने, मंग त्याले खिडकीची जागा दे."

मग थोडं हसू. मग पुन्हा, "त्याच्या दुसऱ्या दिशी मुक्काम..."

मी उठून भिंतीवरून डोकावले. दुसरं कोणी नव्हतं. शेषराव पेटीसमोर मांडी घालून बसलेले, तोंड हवेच्या भोकाशी. मला पाहून चपापले. मग ओशाळून म्हणाले, "चिंधी आपल्या अंड्यायशी बोलते, बाई. दिवसभर कुरकुर चालू असते तिची. या पेटीतल्याशी कोण बोलन? भाएर आलं तं कोणाचा आवाज वळखन?"

"पण मुक्काम काय सांगताय त्याला?"

"मले दुसरं काय येते?" त्यांनी गोणपाटाचा एक धागा ओढला. "गिरजा रोज इचारे, आज मुक्काम कुठं. मी गावाचं नाव सांगो नि जाओ. तिथं काय झालं, कोण भेटलं, काय खाल्लं, हे कधी सांगतलंच नाई. तिनं इचारलं असतं तं सांगतलं असतं. पन मी थांबतच नोतो. डबल मारो नि चालो." मग चिंधीकडे हात करून म्हणाले, "या कोंबडीनं तिले माह्यापेक्षा जास्त पाह्यलं, बाई. रोज संध्याकाळी ते नि हे. मी नाई."

मला रडू आलं. मी भिंतीपासून मागे सरले आणि घरात येऊन पडले. पलीकडचं बोलणं पुन्हा सुरू झालं.

चिंधीची पिलं निघाली त्या दिवशी ऊन असं होतं की डांबरी रस्त्याला चपला चिकटत होत्या. मी दवाखान्यातून आले तर शेषराव दारातच उभे. "पोचली गाडी," एवढंच म्हणाले. चिंधीच्या उलट्या पिसांतून इवल्या इवल्या माना बाहेर येत होत्या नि पुन्हा आत जात होत्या. चिंधी धापत होती, पण जागची हलली नव्हती. कादरमिया जोंधळ्याच्या कण्या घेऊन आले. "कोंबडा माझा होता, मी आजोबा झालो," म्हणाले, आणि शेषरावांनी त्यांना चहा पाजला.

पेटी मात्र गप्प. मी थर्मामीटर झटकत होते, बघत होते, आता सोडून द्या असं मनात म्हणत होते. शेषराव भोकाशी तोंड लावून, "उतरनारे उतरून घ्या, शेवटचा स्टॉप हाय," म्हणत होते. आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, मी पाराच बघत असताना, त्या अंड्याला बारीक चीर गेली. आम्ही दोघं पेटीशेजारी बसून राहिलो. मी, कोंबडी रश्श्यात ओळखणारी, स्वयंपाक सोडून बसले होते. पिलू बाहेर आलं तेव्हा ओलं, मरतुकडं, एक पाय जरा फेंगडा. कंडक्टरच्या चिमट्याला टेकून त्यानं मान वर केली.  शेषरावांनी हात पुसला, पुन्हा पुन्हा पुसला. दिवस मावळल्यावर अंधारात ते पिलू त्यांनी हळूच चिंधीच्या पोटाखाली सारलं. सकाळी तिनं बाकीच्यांबरोबर त्यालाही हिंडवलं. तिला काही फरक कळला नाही, किंवा कळला असेल तर तिनं दाखवला नाही.

आता नवीन काळजी. चिंधी पिलांना घेऊन आळीभर फिरणार आणि संध्याकाळी वेळेवर आली नाही तर मांजर, मुंगूस आहेतच. हाक मारायला पुन्हा मी. पिलांना पंखांची पिसं फुटायला लागली होती. एकदोघांची जरा वळल्यासारखी वाटत होती, पण खात्रीनं सांगण्यासारखं नव्हतं. मी हाक मारत असताना शेषराव बाजूला उभे राहून लक्ष देऊन ऐकत. एकदा विचारलं, "शेवटी ते 'बुडला' लांब कराचं असते का?" मी म्हटलं, "हो, ती करायची." त्यांनी मान हलवली.

एके दिवशी मला एका खेड्यात बाळंतपण लागलं. पहिलटकरीण, अडलेली, सुटायला दिवस गेला. परतीची गाडी गावात शिरली तेव्हा उजेड जायला आला होता. माझ्या डोक्यात एकच, पिलं बाहेर आहेत. स्टँडवर उतरले. मुक्कामी गाड्या उभ्या होत्या, सुटायची वेळ झाली होती. शेषराव नेहमी उभे राहतात त्या खांबापाशी कोणीच नव्हतं. मी पाय उचलले.

आळीच्या तोंडाशी आले नि जागीच थांबले. परसातून हाक येत होती. "ती ती तीऽऽ, या वो बायांनो, दिवस बुडलाऽ." क्षणभर मला वाटलं गिरजाबाईच. तीच लय, तेच शेवटचं लांबवणं. फक्त आवाज पुरुषाचा, भसाडा, मधूनच फाटणारा. त्यांना ती हाक तिच्याकडून नाही, माझ्याकडून मिळाली होती, पण मला ती माझ्यासारखी वाटली नाही.

मी भिंतीपाशी उभी राहिले. शेषराव परसाच्या मध्ये डालं हातात घेऊन उभे होते, लाजल्यासारखे, मान थोडी खाली. पुन्हा हाक मारली. कादरमियांच्या कुडाच्या बाजूनं चिंधी आली. जरा थांबली, मान वाकडी करून त्यांच्याकडे बघितलं. मग सरळ त्यांच्या पायाशी. मागून पिलांची रांग, आणि सगळ्यात शेवटी फेंगड्या पायाचं, पेटीतलं. त्याच्या पंखावरची दोन पिसं बाहेर वळली होती, आता भिंतीवरूनही दिसत होती. शेषराव खाली वाकले, त्याला उचललं, ती पिसं बोटानं हळूच सरळ केली. बोट काढलं की ती पुन्हा वळली. त्यांनी तसं दोनतीनदा करून पाहिलं.

मग त्यांनी सगळ्यांवर डालं झाकलं, दगड ठेवला. स्टँडवरून गाडी सुटल्याचा आवाज आला. मला वाटलं आता तरी त्यांचे पाय तिकडे वळतील. ते वळले नाहीत. घंटेला बांधलेलं फडकं तसंच होतं, ते पुढेही त्यांनी कधी सोडलं नाही.

डाल्याशेजारी ते मांडी घालून बसले. मी तिथे आहे हे त्यांना माहीत नव्हतं. डाल्यावर हात ठेवून, कोणीतरी विचारलं असावं तसं, ते म्हणाले, "आज मुक्काम घरीच."